पैसे पाठवायचं अ‍ॅप कॅशबॅक बघून निवडू नका

"कुठलं अ‍ॅप चांगलं?" हा प्रश्न फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना कधी ना कधी निघतोच आणि उत्तरंही साधारण ठरलेली असतात. एक जण म्हणतो फोनपे घे, सगळ्यांकडे तेच आहे. दुसरा म्हणतो जीपे, सुटसुटीत आहे. तिसरा कुठल्या तरी नव्या अ‍ॅपची लिंक टाकतो, ह्यावरून जॉइन व्हा म्हणजे दोघांनाही पैसे मिळतील म्हणून. मग ज्याने विचारलंय तो ज्याची लिंक पहिली आली ते टाकून मोकळा होतो आणि पुढची कित्येक वर्षं त्याचं घरभाडं, मुलांची फी, भाजी, रिक्षा, भिशी सगळं त्याच एका अ‍ॅपमधून जात राहतं. एवढी मोठी गोष्ट आपण इतक्या सहज ठरवतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या पैशांसाठी स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप किंवा भीम, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचंच अ‍ॅप, वापरावं, जोडीला दुसऱ्या बँकेचं खातं लावलेलं आणखी एक अ‍ॅप ठेवावं, आणि फोनपे आणि गुगल (म्हणजे जीपे) ह्या ज्या दोन कंपन्यांवर अख्खा देश जाऊन बसलाय त्यांच्यावरचा आपल्यापुरता भार तरी कमी करावा. ह्यातला पहिला भाग तुमच्या-माझ्या सोयीचा आहे. दुसरा भाग सगळ्यांचा आहे आणि त्याबद्दल मराठीत जवळजवळ कोणी बोलत नाही.

आधी मुळात हे चालतं कसं ते बघू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. यूपीआय, म्हणजे फोनवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवायची यंत्रणा, ही कुठल्या अ‍ॅपची वस्तू नाही. ती चालवते एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, आपल्या मुंबईतलीच संस्था, रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००८ साली उभी राहिलेली. ह्याच संस्थेने २०१० मध्ये आयएमपीएस आणलं, ज्याच्यामुळे रात्री-अपरात्री, रविवारीसुद्धा पैसे लगेच जायला लागले, आणि त्याच पायावर पुढे यूपीआय बांधलं गेलं. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन गव्हर्नर असताना मुंबईत त्याची सुरुवात झाली तेव्हा २१ बँका त्यात होत्या, आणि ऑगस्टच्या शेवटी प्ले स्टोअरवर जी अ‍ॅप्स आली ती बँकांचीच होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण खातं कुठल्याही बँकेत असो, ते कुठल्याही बँकेच्या अ‍ॅपमधून वापरता यावं अशी ती कल्पना होती. तेव्हा कोणी असं म्हटलं नव्हतं की सगळ्या बँकांची सगळी गिऱ्हाईकं दोन कंपन्यांच्या अ‍ॅपवर जाऊन बसतील.

तुम्ही भाच्याला पाचशे रुपये पाठवता तेव्हा अ‍ॅप स्वतः पैशाला हात लावत नाही. ते निरोप देतं आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या बँकेला, ती बँक निरोप देते एनपीसीआयला, एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगतं पैसे कापा, आणि भाच्याच्या बँकेला सांगतं जमा करा. पिन टाकायची जी स्क्रीन येते ना, ती पण एनपीसीआयची असते, सगळ्या अ‍ॅपमध्ये तीच, तुमचा पिन अ‍ॅपला कळतच नाही. त्यामुळे "हे जास्त सेफ आहे" आणि "ते जास्त फास्ट आहे" असं जे आपण ऐकतो त्यात फारसा दम नाही. पेमेंट गोल गोल फिरत बसतं तेव्हा बऱ्याचदा तुमच्या किंवा समोरच्याच्या बँकेचा सर्व्हर अडलेला असतो, आणि अ‍ॅप बदललं तरी बँक तीच असते. आणि क्यूआर कुठलाही असो, यूपीआयचा असेल तर कुठल्याही अ‍ॅपने स्कॅन होतो, तरी अजूनही दुकानात "तुमच्याकडे फोनपे आहे का, माझ्याकडे जीपे आहे" असं विचारणारे लोक भेटतात आणि पैसे जात नाहीत असं समजून सुट्टे शोधत बसतात.

मग अ‍ॅपाअ‍ॅपात फरक असतो कुठे? सगळं नीट चाललेलं असतं तेव्हा फार नसतो. फरक कळतो तो पैसे अडकल्यावर.

माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यात एका गावात राहते. तिने पुण्यात शिकणाऱ्या नातवाला हॉस्टेलचे पैसे पाठवले, तिच्या खात्यातून कापले गेले, त्याच्या खात्यात आले नाहीत. अ‍ॅपमध्ये मदत म्हणून जे होतं तिथे चॅटवर मशीन उत्तर देत होतं, तेही इंग्रजीत, की आपली रक्कम सुरक्षित आहे कृपया वाट बघा. ती एसटीने तालुक्याला बँकेत गेली तर काउंटरवर सांगितलं की तुम्ही आमच्या अ‍ॅपवरून पाठवलेच नाहीयेत, त्या अ‍ॅपवाल्यांना विचारा. अ‍ॅपवाल्यांना फोन करायला नंबर सापडेना. नातू म्हणतो माझ्या बँकेला काहीच आलेलं नाही. पैसे नंतर आपोआप परत आले, पण तोपर्यंत हॉस्टेलची तारीख उलटली होती आणि उशिराचा दंड भरावा लागला तो वेगळाच. आणि ह्या सगळ्यात तिला कोणीही, म्हणजे अ‍ॅपने, बँकेने, कोणीही हे सांगितलं नाही की ह्या उशिरासाठी तिला भरपाई मिळायचा हक्क आहे.

हो, हक्क आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. माणसाने माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ते परत यायला पाहिजेत, आणि त्यानंतर जेवढे दिवस उशीर तेवढे दिवस रोजचे १०० रुपये ग्राहकाला द्यायचे, तेही ग्राहकाने न मागता. दुकानदाराला केलेल्या पेमेंटला पाच दिवसांची मुदत आहे. किती लोकांना हे माहीत आहे? कॅशबॅकचं स्क्रॅचकार्ड सगळ्यांना माहीत आहे, रोजच्या १०० रुपयांचा नियम कोणालाच नाही, कारण स्क्रॅचकार्डची जाहिरात करण्यात कंपनीचा फायदा आहे आणि ह्या नियमाची जाहिरात करण्यात कोणाचाच नाही.

आता बघा, हा नियम बँकांवर आहे. मधलं अ‍ॅप त्यात कुठेच पैसे द्यायला बांधलेलं नाही. म्हणून माझा आग्रह स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपचा आहे. तिथे अ‍ॅप, त्याच्या पाठीमागची बँक आणि तुमचं खातं तिन्ही एकाच ठिकाणी असतात, "तिकडे विचारा" म्हणायला जागाच उरत नाही. मनिऑर्डरच्या काळात गिरणीतला चाकरमानी कोकणात पैसे पाठवायचा तेव्हा पावती पोस्टाची, पोचवणारा पोस्टमन, नाही पोचले तर भांडायचं ते पण पोस्टातच. चार दिवस लागायचे, पण कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते गावातल्या म्हातारीलाही माहीत असायचं. आज पैसे क्षणात जातात आणि दार मात्र सापडत नाही, आणि हे फार मोठं नुकसान आहे असं मला वाटतं, विशेषतः ज्यांना इंग्रजीत चॅट करता येत नाही त्यांच्यासाठी.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की बँकांची अ‍ॅप्स भिकार असतात. मान्य आहे. उघडायला वेळ लावतात, मध्येच लॉगआउट करतात, दर अपडेटनंतर पुन्हा एसएमएस पाठवून नोंदणी करायला लावतात, काही तर मराठी निवडल्यावरही अर्धी स्क्रीन इंग्रजीच दाखवतात. पण ती अशी का राहिली ह्याचा विचार करायला पाहिजे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला बंदी आहे. माणसामाणसातल्या पैशांवर तर शुल्क नाहीच. म्हणजे ह्या धंद्यात थेट कमाई शून्य. सरकार थोडं अनुदान देतं, २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर १५०० कोटींची तरतूद केली होती, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटी व्यवहार झाले, त्या मानाने ती रक्कम किती पुरणार? अशा धंद्यात दोनच प्रकारचे लोक टिकतात. ज्यांच्या मागे वर्षानुवर्षं तोटा सोसणारं भांडवल आहे ते, आणि जे पेमेंटच्या निमित्ताने तुम्हाला दुसरंच काहीतरी विकतात ते. बँकेला वाटतं कशाला खर्च करा, गिऱ्हाईक आलं नाही तरी खातं आपल्याकडेच आहे.

आणि विकतात काय? कर्ज. कुठलंही मोठं अ‍ॅप उघडा, पैसे पाठवायचं बटण सापडायच्या आधी पर्सनल लोन, सोनं, विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड असं सगळं समोर येतं. वीजबिल भरायला गेलेल्या माणसाला "तुमच्यासाठी एवढ्या लाखाचं कर्ज तयार आहे" असा बॅनर दिसतो. त्यात मोबाईल रिचार्जवर एक-दोन रुपये प्लॅटफॉर्म फी म्हणून हळूच कापले जातात, २०२१ पासून एकाने सुरू केलं, मग दुसऱ्यानेही केलं. ती रक्कम छोटी आहे, मला तिचा राग नाही. मला चिंता आहे ती बॅनरची. ज्या घरात महिनाअखेरीला ओढाताण असते त्या घरातल्या माणसाला दिवसातून दहा वेळा, प्रत्येक चहाच्या पेमेंटला, कर्जाचं आमंत्रण मिळत राहणं ही चांगली गोष्ट नाही. आणि नजर कमी झालेल्या, बोट थरथरणाऱ्या माणसाच्या हातात अशी गजबजलेली स्क्रीन देणं तर धोक्याचंच. आई-वडिलांच्या फोनवर अ‍ॅप टाकून देताना हा एक मुद्दा मी सगळ्यात वर ठेवेन, कॅशबॅकच्या कितीतरी वर.

आता तो सगळ्यांचा मुद्दा. यूपीआयच्या व्यवहारांत फोनपे आणि गुगल पे ह्या दोघांचा मिळून वाटा ८० टक्क्यांच्या आसपास आहे. पेटीएम तिसरं, तेही बरंच मागे. बाकी नावी, सुपरमनी, क्रेड, भीम, व्हॉट्सअ‍ॅप आणि यच्चयावत बँका मिळून उरलेल्यात. एनपीसीआयला हा धोका दिसला नाही असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्येच त्यांनी नियम जाहीर केला की बँकेच्या नसलेल्या कुठल्याही एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांच्या वर असू नये. जे आधीच वर होते त्यांना २०२२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. मग ती २०२४ च्या अखेरपर्यंत वाढवली. मग २०२६ च्या अखेरपर्यंत. ह्या सगळ्या काळात त्या दोघांचा वाटा काही कमी झाला नाही, आणि मुदतवाढीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आता एकदम मर्यादा लावली तर लोकांची गैरसोय होईल. म्हणजे जेवढा उशीर कराल तेवढी गैरसोय मोठी होत जाणार, आणि मोठ्या गैरसोयीचं कारण पुढे करून आणखी उशीर होणार.

एकाच ठिकाणी सगळं गेलं की काय होतं हे आपण बघितलंय. ५ मार्च २०२० ला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले. फोनपे तेव्हा पूर्णपणे येस बँकेच्या जोरावर चालायचं. रात्रीपासून फोनपे बंद. ज्यांचं येस बँकेत खातंसुद्धा नव्हतं, स्टेट बँकेत होतं, महाराष्ट्र बँकेत होतं, त्यांनाही फोनपेवरून पैसे पाठवता येईनात, दुसऱ्या दिवशी दुसरी बँक जोडून घेईपर्यंत हे चाललं. तेव्हा यूपीआय आजच्या मानाने लहान होतं, लोकांच्या खिशात नोटा असायच्या, निभावलं. मग ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली, १५ मार्चनंतर नव्या ठेवी घ्यायला बंदी. तिथे निदान दीड महिना हातात होता, त्यात पेटीएमने चार बँकांशी जुळवून घेतलं आणि अ‍ॅप चालू राहिलं. तरी त्या दीड महिन्यात दुकानादुकानात जो गोंधळ होता, क्यूआर बदलायचा का, अडकलेले पैसे निघतील का, तो आठवून बघा. पेटीएमचा वाटा तेव्हा साधारण दहा-बारा टक्के होता. हाच प्रसंग फोनपेसारख्या पंचेचाळीस टक्क्यांच्या अ‍ॅपवर आला तर? कारवाई सोडा, नुसता दोन दिवसांचा तांत्रिक बिघाड झाला तर? आज कॉलेजची पोरं पाकीट न घेता बाहेर पडतात, भाजीवालीकडे सुट्टे नसतात कारण गिऱ्हाईकं सुट्टे आणतच नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे की अ‍ॅप बदलून सगळे धोके जात नाहीत. २६ मार्च २०२५ आणि मग १२ एप्रिल २०२५ ला यूपीआयच अडलं, तेव्हा कुठल्या एका अ‍ॅपचा दोष नव्हता, तुम्ही भीमवर असा की फोनपेवर, पैसे जात नव्हते. एनपीसीआय हा मधला एकमेव दुवा आहे आणि तो तुटला तर सगळंच थांबतं. त्यावर उपाय ग्राहकाच्या हातात नाही, खिशात थोडी रोकड ठेवणं एवढाच आहे. पण एक मोठा धोका हाताबाहेर आहे म्हणून जो हातात आहे तोही तसाच सोडावा हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की लोकांनी आपणहून ही अ‍ॅप्स निवडली, त्यांनी मेहनत केली, टपरीटपरीवर क्यूआर चिकटवले, तो पेमेंट बोलून दाखवणारा स्पीकर बसवला, आता त्यांना शिक्षा का? त्यांची मेहनत खरी आहे. नोटबंदीनंतर यूपीआय खेड्यापाड्यात पोचलं त्याचं मोठं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे, बँका तेव्हा कुठे दिसत नव्हत्या. आणि फोनपेमागे वॉलमार्ट आहे, दुसरं गुगलचं, म्हणून परदेशी म्हणून हाकला असंही माझं म्हणणं नाही. दोन्ही कंपन्या नागपूरच्या असत्या तरी मी हेच लिहिलं असतं. प्रश्न एवढाच आहे की देशातल्या यूपीआय व्यवहारांचा चार पंचमांश भाग दोन खाजगी दरवाजातून जात असेल, तर उद्या त्या दोघांनी मिळून ठरवलं की बुवा आता अमुक गोष्टीला फी, तमुक गोष्ट सक्तीची, तर त्यांना नाही म्हणायची ताकद कोणात उरेल? सरकारलाही मग दहा वेळा विचार करावा लागेल. मुदत दोनदा वाढली ती त्याचीच खूण आहे.

असं होणं अटळ नव्हतं, ह्याला पुरावा ब्राझीलचा आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स नावाची अशीच यंत्रणा आणली. पाच लाखांहून जास्त खाती असलेल्या प्रत्येक बँकेला आणि संस्थेला ती आपल्या ग्राहकांना देणं सक्तीचं केलं, आणि लोक तिथे आपापल्या बँकेच्या अ‍ॅपमधूनच पैसे पाठवतात. मधला तिसरा माणूस फार मोठा झालाच नाही. आपल्याकडे बँकांवर अशी सक्ती, म्हणजे अ‍ॅप नुसतं असण्याची नाही तर ते धड चालण्याची सक्ती, कधी केलीच नाही. कुठल्या बँकेचे किती व्यवहार फेल होतात ह्याचे आकडे एनपीसीआय छापतं, पण ते तक्ते सामान्य माणूस कधी बघणार, आणि त्यावरून एखाद्या बँकेला जाब विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता भीमबद्दल. ३० डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतर दोन महिन्यांच्या आत हे अ‍ॅप आलं, बाबासाहेबांच्या नावाने. सुरुवातीला लोकांनी धडाधड टाकलं आणि मग ते जवळजवळ वाऱ्यावर सोडलं गेलं, वाटा एक टक्क्याच्याही खाली गेला. जी संस्था यूपीआय चालवते तिचंच हे अ‍ॅप आणि तेच सगळ्यात मागे, हे बघून मला फार वाईट वाटायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली, मार्च २०२५ मध्ये नवीन आवृत्ती आली, आता मराठीतही वापरता येतं आणि बरंच सुधारलंय. त्यात गर्दी कमी आहे, म्हणून घरातल्या वयस्कर माणसांसाठी मी ते सुचवतो. एक खटकणारी गोष्ट आहे ती लपवत नाही, नियम करणारी संस्थाच स्वतः खेळाडूही झाली, म्हणजे उद्या ३० टक्क्यांचा नियम लावताना बाकीचे म्हणणार की हे स्वतःच्या अ‍ॅपसाठी चाललंय. त्यामुळे ही मर्यादा लागू करायचं काम रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घ्यावं, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सहकारी बँका. आपल्यातल्या कितीतरी लोकांचं एकमेव खातं सहकारी बँकेत असतं, आणि तेच यूपीआयला जोडलेलं असतं. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया सहकारी बँकेत तर सुरुवातीला काहीच काढता येत नव्हतं. अशा वेळी जगातलं सगळ्यात भारी अ‍ॅप असलं तरी काही उपयोग नाही, कारण पैसे अ‍ॅपमध्ये नसतातच. म्हणून मी दोन अ‍ॅप म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या बँका असं म्हणतो. एकाच खात्याला तीन अ‍ॅप जोडून ठेवली तर ती तीन नाहीत, एकच आहे. सहकारी बँकेतलं खातं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या बँका टिकल्या पाहिजेत, फक्त दुसऱ्या एखाद्या बँकेत महिन्याच्या किराण्यापुरते पैसे असू द्या.

फसवणुकीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यातलं अ‍ॅपच्या निवडीवर फारसं काही अवलंबून नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. "पैसे पाठवा" अशी विनंती टाकून फसवायचा जो प्रकार होता तो माणसामाणसातल्या व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलाय, आणि २०२५ च्या जूनअखेरपासून समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं खरं नाव दाखवणं अ‍ॅप्सना सक्तीचं आहे, ते नाव वाचायची सवय लावून घ्या, कारण चुकीच्या माणसाला गेलेले पैसे त्याच्या संमतीशिवाय बँक परत काढून देत नाही. फसलात तर तासाभराच्या आत १९३० ला फोन. अडकलेल्या पैशांची तक्रार आधी अ‍ॅपमध्ये, मग आपल्या बँकेकडे लेखी, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे तक्रार फुकट करता येते. लेखी तक्रारीत २०१९ च्या परिपत्रकाचा आणि रोजच्या १०० रुपयांचा उल्लेख जरूर करा. ज्यांना स्वतःचं खातं अ‍ॅपला जोडायची भीती वाटते त्यांच्यासाठी यूपीआय सर्कल आहे, मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यातून ठराविक मर्यादेपर्यंत त्यांना खर्च करता येतो, आणि साध्या बटणाच्या फोनवाल्यांसाठी २०२२ पासून १२३पे आहे. ह्या दोन्ही गोष्टींची जाहिरात मला कुठल्याच मोठ्या अ‍ॅपवर ठळक दिसलेली नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न, कारण फुकट फुकट म्हणत आपण त्याकडे डोळेझाक करतोय. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांवर एक पैसाही शुल्क लागू नये, ह्यावर मी ठाम आहे. आईने मुलाला पाठवलेल्या पैशांवर कोणी कमाई करू नये. भाजीवाली, रिक्षावाला, छोटा किराणा ह्यांच्यावरही नको. पण ज्यांची उलाढाल कोटींत आहे अशा मॉल, मोठ्या साखळी दुकानं, विमान कंपन्या ह्यांच्याकडून अगदी थोडं शुल्क घ्यायला काय हरकत आहे? ते कार्डावर आजही देतात. तो पैसा बँकांना आणि लहान अ‍ॅपना मिळाला तर त्यांना चांगलं अ‍ॅप बनवायला, मराठी बोलणारा माणूस फोनवर बसवायला काहीतरी कारण मिळेल. आज शून्य कमाईच्या खेळात फक्त ज्याचा खिसा सगळ्यात खोल तोच उभा राहतो, आणि फुकटच्या हट्टापायी आपणच ती दोन अ‍ॅप्स मोठी केलीत.

३१ डिसेंबर २०२६ ही ३० टक्क्यांच्या मर्यादेची आत्ताची तारीख आहे. ती पाळायची म्हणजे एका सकाळी लोकांचे व्यवहार नाकारायचे असं कोणी म्हणत नाही, आणि तसं करूही नये, भाजीच्या गाडीवर उभ्या असलेल्या बाईचं पेमेंट टक्केवारीसाठी फेल व्हायला नको. एनपीसीआयने मार्च २०२१ मध्येच पद्धत लिहून ठेवलीय, वाटा मर्यादेजवळ आला की आधी इशारा, आणि मर्यादा ओलांडली की नवीन ग्राहक घेणं थांबवायचं. जुने लोक आहेत तसे चालू राहतील, फक्त नवा फोन घेणारा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या अ‍ॅपवर जाईल, बँकेच्या अ‍ॅपवर जाईल. एवढं जरी ह्या वेळी केलं तरी दोन-चार वर्षांत चित्र बदलायला लागेल. त्यासाठी आपल्या खासदारांनी ह्या तारखेबद्दल लोकसभेत प्रश्न विचारायला पाहिजे, ग्राहक पंचायतीने मागणी लावून धरायला पाहिजे, आणि आपण आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन अ‍ॅप नीट चालत नाही ही तक्रार तोंडी न करता लेखी द्यायला पाहिजे, पोच घेऊन.